खुर्चीतला मेक्सिकन

खुर्चीला बांधलेल्या माणसाला खूण न ठेवता कसं मारायचं, हे नटांना शिकवायला स्टुडिओनं खरा पोलीस आणला होता. सार्जंट कॉटरेल त्याचं नाव. दोन वर्षांपूर्वी नोकरीतून बाहेर पडलेला, पन्नाशीचा, मान जवळजवळ नसलेला, फावड्यासारखे तळहात. शहराची जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी दोन्ही हातांत धरून तो सेटवर उभा होता, आणि समोरच्या खुर्चीत एलेउतेरियो मोंतिहो बसला होता.

"काठीचा वळ उठतो," कॉटरेल शाळामास्तरासारखा सांगत होता. "मुठीनं मारलं तर बोटं आपलीच मोडतात. ह्याची गंमत बघा. आतला माणूस हलतो आणि कातडीला पत्ता लागत नाही. कोर्टात उघडा उभा केला तरी डॉक्टरला काही सापडायचं नाही. काय रे पेद्रो, बरोबर ना?"

एलेउतेरियोचं नाव पेद्रो नव्हतं. घरचे त्याला तेयो म्हणत. पण चित्रपटात त्याच्या पात्राला नावच नव्हतं. पटकथेत नुसतं 'मेक्सिकन' लिहिलं होतं, आणि सेटवर कुणी पेद्रो म्हणे, कुणी पांचो. आठ वर्षांत त्याला त्याची सवय झाली होती. बॉक्सिंग सोडल्यावर तो सिनेमात आला होता. गल्लीत सुरा काढणारा, दारूच्या गुत्त्यात खुर्ची फेकणारा, नायकाच्या गोळीनं जिन्यावरून गडगडणारा, असली कामं. मधली तीन वर्षं लढाईत गेली. तिथून तो मांडीत लोखंडाचा तुकडा आणि छातीवर बिल्ला घेऊन परत आला, आणि पुन्हा जिन्यांवरून गडगडू लागला.

सकाळी मेकअपवाल्यानं त्याचा गव्हाळ चेहरा आणखी दोन छटा काळवंडवला होता आणि ओठावर गळणारी मिशी डकवली होती. बोलायला एकच वाक्य होतं: "मला ठाऊक नाय, सिन्योर." तेयो लॉस एंजेलिसमध्येच जन्मला, तिथल्याच शाळेत शिकला. त्याची इंग्रजी सेटवरच्या कुणाहीइतकी स्वच्छ होती. दिग्दर्शकाच्या सहायकानं त्याला ती मोडून दाखवायला सांगितली होती, आणि तीनदा म्हणायला लावून मग म्हटलं होतं, "अजून थोडी मोड."

प्रसंग असा होता. रात्रीची पोलीस चौकी, छताला एकच दिवा, खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांच्या सावल्या भिंतीवर. खरं तर बाहेर ऑक्टोबरचं ऊन रखरखत होतं आणि सकाळचे अकरा वाजले होते. एक वाईट पोलीस मेक्सिकन संशयिताला मारतो, चांगला पोलीस, म्हणजे नायक डेस्मंड कॅरिक, दारात उभा राहून अस्वस्थ होतो आणि शेवटी म्हणतो, "पुरे." एवढंच. कोपऱ्यात एक काळा झाडूवाला फरशी पुसत असतो.

झाडूवाला झाला होता अलॉन्झो पर्डी. साठीचा, उंच, गडगडाटी आवाजाचा माणूस. तरुणपणी काळ्यांच्या नाटक मंडळीतून त्यानं गावोगाव राजे आणि सेनापती केले होते. सिनेमात वीस वर्षं तो सामान उचलत होता, बूट पुसत होता आणि दारं उघडत होता. मार बघून त्यानं डोळे गरागरा फिरवायचे आणि बादली टाकून पळायचं, म्हणजे लोक हसतील, असं पटकथेत होतं. पर्डीनं सकाळीच टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली होती. "डोळे दिसले तर फिरवायचे ना," तो तेयोला हळूच म्हणाला होता.

"तर आता बघा," कॉटरेल म्हणाला आणि डिरेक्टरी खांद्यामागे नेली.

पहिला फटका बरगड्यांवर बसला. तेयोचा श्वास तुटला. मारामारीच्या सरावात नट हात आवरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कॉटरेलनं आवरला नव्हता. दुसरा फटका कानावर बसला, आणि उजव्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. कॉटरेल खाली वाकला, त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये लाडानं म्हणाला, "गा रे पाखरा, गा."

हे शब्द तेयोनं आधी ऐकले होते.

*

त्याचा धाकटा भाऊ एन्कार्नासिओन. घरात सगळे चोन म्हणत. एकोणीसशे त्रेचाळीसच्या जूनमध्ये चोन सतरा वर्षांचा होता आणि तेयो हजारो मैल दूर एका बेटावर चिखलात पडलेला होता. त्या आठवड्यात सुट्टीवरचे नौसैनिक टॅक्सी भरभरून मेक्सिकन वस्त्यांत उतरत होते आणि तेव्हाच्या मेक्सिकन पोरांच्या फॅशनची ढगळ पँट, लांब कोट घातलेला पोरगा दिसला की त्याला बडवत होते. चोनला त्यांनी ट्रॅममधून खाली ओढला, त्याचे कपडे फाडले, त्याला रस्त्यावर तसाच नागडा सोडला. मग पोलीस आले आणि त्यांनी चोनलाच पकडलं. चौकीच्या मागच्या खोलीत त्याला खुर्चीला बांधलं. कुठल्याशा खुनात कोण कोण होतं, ते सांग म्हणून. त्याला काहीच माहीत नव्हतं. दोन दिवसांनी सोडला तेव्हा उजवा कान कायमचा गेला होता, आणि डावा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता.

तेयो लढाईवरून आला तेव्हा चोननं हे सगळं एकदाच सांगितलं, गादीच्या कारखान्यातून आल्यावर, अंगाला चिकटलेला कापूस झटकत. "टेलिफोनचं पुस्तक होतं," तो म्हणाला. "आणि मारायच्या आधी म्हणायचा, गा रे पाखरा, गा. म्हणजे नावं सांग." त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही आणि तेयोला काढू दिला नाही.

*

जेवणाच्या सुट्टीत तेयो आणि पर्डी सेटच्या मागच्या लोखंडी पायऱ्यांवर बसले. स्टुडिओच्या उपाहारगृहात त्यांना कुणी अडवलं नसतं, पण कुणी सरकून जागाही दिली नसती. पर्डीनं उकडलेलं अंडं सोललं. तेयोच्या आईनं दिलेल्या तोर्तिया, मक्याच्या पोळ्या, त्याच्या मांडीवर तशाच पडून होत्या.

"तोच आहे," तेयो म्हणाला.

"कोण?"

तेयोनं सांगितलं. पर्डीनं अंडं खाली ठेवलं.

"ऐक माझं. तू आत्ता पोट धरून ओरड. मी सांगतो त्यांना, पोराला उलट्या होतायत. घरी जा."

"मग खुर्चीत दुसऱ्या कुणाला तरी बसवतील."

"बसवू देत! तू जगाचा मक्ता घेतलायस का?"

तेवढ्यात कॉटरेलच सिगारेट ओढत त्या बाजूला आला. सकाळच्या कौतुकानं तो खुशीत होता. त्यानं तेयोपुढे पाकीट धरलं.

"राग नाही ना रे पेद्रो? धंदा आहे. तू मार चांगला खातोस हं. काही काही तुमचे लोक दुसऱ्याच फटक्याला मुततात."

तेयोनं सिगारेट घेतली. "खूप जणांना गायला लावलं असेल तुम्ही, सार्जंट."

"अरे विचारू नकोस. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात तर रांग लागली होती रांग! एकेक शेफारलेला कोंबडा, लांब कोटवाला. जेवायच्या आत गायला लागायचे."

"त्यातला एखादा आठवतो?"

कॉटरेल मनापासून हसला. "चेहरे कोण लक्षात ठेवतो?"

तो गेल्यावर पर्डीनं तेयोचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याची बोटं पकडीसारखी होती. "तेयो. त्यांना हेच हवं असतं. तू हात उचल, की ते म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो?"

"मला माहीत आहे," तेयो म्हणाला, आणि सिगारेट पायाखाली चिरडून आत गेला.

*

दुपारी वाईट पोलिसाचं काम करणारा नट घाबरू लागला. जाडा, देवभोळा माणूस तो. डिरेक्टरी उगारायचा आणि शेवटच्या क्षणी हात सैल सोडायचा. पाच टेक फुकट गेले. दिग्दर्शक लिंडावर खुर्चीतून उठला. जर्मनीतून पळून आलेला, बारीक, सतत खोकणारा माणूस. हिटलरच्या पोलिसांनी त्यालाही एकदा तळघरात ठेवलं होतं, असं सेटवर बोलत. त्याला चित्रपटात सगळं खरं लागे. त्यानं जाड्या नटाकडे बघितलं, मग कॉटरेलकडे.

"सार्जंट, तुम्हीच उभे राहा. कॅमेऱ्याकडे पाठ. पाठच दिसू दे मला."

कॉटरेलनं आनंदानं कोट चढवला.

तेयोचे हात खुर्चीच्या पाठीमागे बांधले. गाठ अर्थातच सुटती होती. सेटवर आग लागली किंवा वरचा दिवा कोसळला, तर माणसाला उठून पळता यावं, म्हणून बांधण्याच्या प्रसंगात नेहमी तशीच गाठ मारत. एक टोक ओढलं की दोर गळून पडे.

"कॅमेरा," लिंडावर म्हणाला.

पहिला फटका पोटात. दुसरा छातीत. "मला ठाऊक नाय, सिन्योर," तेयो म्हणाला. तिसरा कानावर. शिट्टी पुन्हा सुरू झाली आणि तिच्यामागे सगळे आवाज बुडाले. लिंडावरनं टेक थांबवला नाही. पटकथेत चारच फटके होते. कॉटरेलनं पाचवा मारला, सहावा मारला. तेयोच्या दातांखाली जीभ आली आणि तोंड रक्तानं भरलं. कॅरिकनं दारातून "पुरे" म्हणायचं होतं. तो तोंड उघडं ठेवून नुसता उभा होता, कारण हे ठरलं नव्हतं. लिंडावर कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून बघत होता, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण "कट" म्हणायला तो तयार नव्हता.

कॉटरेल खाली वाकला. पेपरात गुंडाळलेल्या मांसासारखा त्याचा लालबुंद चेहरा तेयोच्या नाकाशी आला.

"गा रे पाखरा..."

तेयोनं दोराचं टोक ओढलं.

पहिला ठोसा खालून हनुवटीवर गेला आणि कॉटरेलचे दात एकमेकांवर आपटल्याचा आवाज अख्ख्या सेटनं ऐकला. डिरेक्टरी खाली पडली. कॉटरेल वजनदार गडी होता, तो पडला नाही. त्यानं तेयोच्या गळ्याला हात घातले आणि अंगठे रोवले. तेयोनं सगळं बळ एकवटून गुडघा मारला, मग कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. नाक मोडलं. दोघंही टेबलावर कोसळले. टेबल हलक्या लाकडाचं होतं, त्याची काटकी काटकी झाली. कॉटरेलनं पडल्या पडल्या टेबलाचा पाय उचलून तेयोच्या मांडीवर हाणला, नेमका जिथे लढाईतलं लोखंड होतं तिथे. तेयो किंचाळला. त्यानं तो पाय त्याच्या हातातून हिसकावला, पण वापरला नाही, भिरकावून दिला. त्याला हातांनीच मारायचं होतं. तो कॉटरेलच्या छातीवर बसला आणि मारत सुटला, रिंगणात शिकवतात तसं मोजून नाही, तर एकामागून एक, डावा उजवा, डावा उजवा. मिशी निघून गालावर लोंबत होती. आणि मारताना तो ओरडत होता, स्वच्छ, न मोडलेल्या इंग्रजीत:

"माझ्या भावाचं नाव एन्कार्नासिओन मोंतिहो! म्हण! नाव घे त्याचं! घे!"

कॉटरेलच्या तोंडातून नाव येणं शक्य नव्हतं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता.

सेटवर पन्नास माणसं होती. कुणी हललं नाही. कॅमेऱ्याची घरघर चालूच होती. शेवटी बादली लवंडून पर्डी धावला आणि त्यानं मागून तेयोच्या काखांत हात घालून त्याला वर उचललं.

"पुरे! पुरे, पोरा! हा मेला तर तुला विषारी वायूच्या कोठडीत घालतील. थांब!"

तेयो थांबला. स्वतःच्या लाल झालेल्या मुठींकडे त्यानं पाहिलं. कॉटरेल एका कुशीवर वळून रक्त आणि दात थुंकत होता. डेस्मंड कॅरिक पडद्याच्या मागे जाऊन ओकत होता.

तेव्हा कुठे लिंडावर हलक्या आवाजात म्हणाला, "कट."

*

अटक झाल्यावर तुरुंगात पहिल्याच दिवशी कॉटरेलचे जुने सोबती तेयोला भेटून गेले. त्यांना डिरेक्टरीची गरज वाटली नाही. वळ उठले तरी कुणी विचारणार नव्हतं. तीन बरगड्या मोडल्या, आणि डाव्या हाताची दोन बोटं दारात घालून चेचली. त्याच संध्याकाळी काही जण पूर्वेकडच्या वस्तीत तेयोच्या घरी गेले. आईच्या डोळ्यांदेखत त्यांनी कपाट पाडलं, देवाच्या तसबिरी फोडल्या, बीन्सचं पातेलं अंगणात ओतलं. चोन आडवा आला, तर त्याला भिंतीवर आपटून खांद्याचं हाड मोडलं.

आठ दिवसांनी चोन भेटीला आला. हात गळ्यात बांधलेला. जाळीपलीकडे तो आपला चांगला कान पुढे करून बसला.

"आमा कशी आहे?" तेयोनं विचारलं. आईला ते आमा म्हणत.

"रडते. स्वयंपाक करते. पुन्हा रडते." चोननं गळ्यातला पट्टा सारखा केला. "तेयो, पेपरात त्याचा फोटो आला होता. सार्जंटचा."

"मग? पटली ओळख?"

"तो नव्हता."

तेयोला वाटलं, आपल्या कानातल्या शिट्टीमुळे चुकीचं ऐकू आलं.

"काय म्हणालास?"

"तो नव्हता तो. मला मारणारा उंच होता. काटकुळा. लाल केस. तोंडाला पेपरमिंटचा वास यायचा. उजव्या डोळ्यानं नीट बघितलाय मी त्याला."

"पण तो म्हणाला... गा रे पाखरा... त्यानं स्वतःच्या तोंडानं..."

"सगळेच म्हणतात ते!" चोननं जाळीवर हात आपटला तसा शिपाई वळून बघू लागला. चोननं आवाज खाली आणला. "त्या चौकीत मला पाणी आणून देणारासुद्धा म्हणायचा. त्यांचा विनोद आहे तो. तू मला एकदा विचारायचंस ना? मी सांगितलं होतं का तुला, माझ्या नावानं कुणाचा जबडा मोड म्हणून? तू तिकडे माझं नाव ओरडलास, आणि इकडे माझं नाव विचारत ते घरी आले."

तेयोनं चेचलेली बोटं मांडीवर ठेवली. ज्याला मारलं तो निरपराध नव्हता, हे त्याला माहीत होतं. त्या उन्हाळ्याची रांग त्या माणसानं हसत सांगितली होती. रांगेत कुणाचे तरी भाऊ होतेच. पण चोनच्या पांढऱ्या डोळ्याकडे बघताना हे म्हणायला तोंड उघडेना.

भेटीची वेळ संपली. उठताना चोन म्हणाला, "हाड जुळतंय माझं. तू बरगड्या सांभाळ."

*

खटला फार चालला नाही. सरकारी वकील म्हणाला, आरोपी स्वभावतःच हिंसक आहे, त्यानं पूर्वी साकारलेल्या भूमिकाच बघा. त्यानं खरोखरच चित्रपटांची यादी वाचून दाखवली. सुरा, सुरा, पिस्तूल, दरोडा. ज्यूरीतले बाराही जण माना डोलवत होते.

स्टुडिओतलं कुणीही साक्षीला आलं नाही. आला फक्त पर्डी. आपला एकुलता एक काळा सूट घालून तो पिंजऱ्यात उभा राहिला, आणि वीस वर्षं सिनेमानं दाबून ठेवलेला तो आवाज त्यानं पहिल्यांदा मोकळा सोडला. "मी बघितलं," तो म्हणाला. "ठरलेले फटके चार. सार्जंट साहेबांनी सहा मारले, आणि सहाही खरे. पोराच्या तोंडातून आलेलं रक्त मेकअपचं नव्हतं. फरशी मी पुसत होतो, मला माहीत आहे."

"म्हणजे इतके सगळे गोरे लोक खोटं बोलतायत?" वकिलानं विचारलं.

"ते बोलतच नाहीयेत, साहेब. तीच तर अडचण आहे."

तेयोच्या वकिलानं शूटिंगची रिळं मागितली. त्यात सगळंच होतं. कोण आधी मारतो, किती मारतो, लपवण्यासारखं काहीच नव्हतं. स्टुडिओनं लेखी उत्तर पाठवलं: त्या दिवशीची रिळं धुताना खराब झाली, नष्ट करण्यात आली.

तेयोला चौदा महिने झाले. पर्डीला त्यानंतर कुठल्याच स्टुडिओनं झाडूसुद्धा हातात दिला नाही.

*

सुटून आल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी पर्डी घरी आला. टोपी हातात, कपाळावर घाम. "चल," तो म्हणाला. "कुठे विचारू नकोस. चोन, तूही चल."

मुख्य रस्त्यावरच्या जुन्या थिएटरात तोच चित्रपट लागला होता. शहरातल्या मोठ्या थिएटरांतून निघून, वर्षभरानं वस्तीतल्या स्वस्त थिएटरात आलेला. आत बहुतेक त्यांच्याच वस्तीतले लोक होते. बायका पोरं, गादीच्या कारखान्यातले कामगार. तिघं मधल्या रांगेत बसले. चोन डावीकडच्या टोकाला, म्हणजे चांगला कान त्यांच्याकडे राहील असा नाही, तर पडद्याचा आवाज नीट येईल असा.

चौकी आली. दिवा आला. खुर्ची आली. आणि तेयोनं स्वतःला बघितलं.

रीळ खराब झालं नव्हतं. सहाच्या सहा फटके तिथे होते. त्याचं फुटलेलं तोंड होतं, आणि मग दोर गळून पडला आणि खालून आलेला तो ठोसा.

सगळं थिएटर उठून उभं राहिलं. आयुष्यभर त्या लोकांनी पडद्यावर आपल्यासारख्या चेहऱ्याला मार खाताना बघितलं होतं. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी टोप्या उडवल्या, मागच्या रांगेतली एक बाई "दे त्याला! आणखी दे!" म्हणून ओरडली. तेयोच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी मोडणाऱ्या जबड्याचा आवाज त्याला पुन्हा ऐकू आला.

मग पडद्यावरच्या तेयोनं तोंड उघडलं.

"मी मारतो! गोऱ्या ग्रिंगो, मी मारतो तुला!"

आवाज दुसऱ्याचाच होता. घोगरा, गुरगुरता, इंग्रजीचा चुथडा केलेला. ओठ वेगळं काही म्हणत होते आणि आवाज वेगळंच. चोनच्या नावाच्या जागी ती गुरगुर भरली होती. पर्डी धावत आडवा येतो तो भाग कापून टाकला होता. त्याऐवजी डेस्मंड कॅरिक दारातून पुढे आला, त्यानं पिस्तूल काढलं आणि दोन गोळ्या झाडल्या. पोलिसावर हात उगारणारा चित्रपट संपायच्या आत मेलाच पाहिजे, असा त्या काळी दंडकच होता. मेक्सिकन पाठमोरा झाला, वळला आणि जिन्यावरून गडगडत खाली गेला. तो तेयो नव्हता. कुणीतरी गोरा स्टंटमॅन होता, तपकिरी रंग फासलेला. पडताना बाही वर गेली आणि रंग संपतो तिथलं पांढरं मनगट स्पष्ट दिसलं.

लोक एकेक करून खाली बसले.

चोन बसला नाही.

"तो आवाज त्याचा नाही!" तो ओरडला. आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत. "हा इथे बसलाय! ह्यानं माझं नाव घेतलं होतं! माझं! एन्कार्नासिओन मोंतिहो!"

बॅटरी घेऊन थिएटरचा माणूस धावत आला. दांडगा, तरुण, गोरा. त्यानं चोनची कॉलर धरली, आणि जुळून आलेल्या खांद्याला हिसका बसताच चोन कळवळला. तेयो उठला. त्याची मूठ आपोआप वळली. सुटकेच्या कागदावर सही करताना त्याला सांगितलं होतं, पाच वर्षांत कुणावर हात उगारलास तर उरलेलं आयुष्य आत काढशील. माणसाची हनुवटी बरोबर पल्ल्यात होती. तेयोला ती जागा दिसत होती, नाणं ठेवावं एवढी.

त्यानं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. चेचलेली बोटं वाकत नव्हती, तरी कोंबली.

"सोड त्याला," तो म्हणाला. "आम्ही जातोय."

माणसानं बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर टाकला, मग पडद्याकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे. आणि कॉलर सोडून एक पाऊल मागे सरला.

बाहेर उन्हात तिघंही धापा टाकत भिंतीला टेकले. पर्डी शिव्या देत होता, अशा भारदस्त आवाजात, की रस्त्यावरचे लोक थांबून ऐकू लागले. मग त्याचं लक्ष चोनकडे गेलं. चोन खांदा धरून हसत होता, डोळ्यातून पाणी येईपर्यंत.

"काय झालं?" तेयोनं विचारलं.

"तू सांगितलं होतंस, ठोसा मारलास. एवढा सुंदर मारलास हे नव्हतं सांगितलंस." त्यानं डोळे पुसले. "माणूस चुकीचा होता. पण ठोसा..."

"अजून रागावला आहेस?"

"आहे. राहीन. चल, आमानं मेनुदोचा रस्सा केलाय."

दुसऱ्या दिवशी ते वकिलाकडे गेले. खराब झालेलं रीळ शहरभर दाखवलं जातंय म्हटल्यावर वकील खुर्चीतून उठलाच. त्यानं फेरतपासणीचा अर्ज केला. पाच आठवड्यांनी न्यायाधीशाचं उत्तर आलं, अर्धं पान. चित्रपट ही कल्पित गोष्ट असते. कल्पित गोष्ट पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. खटल्यात त्याच तेयोच्या जुन्या चित्रपटांची यादी वाचली गेली होती, याचा त्यात उल्लेख नव्हता.

तेयो पुन्हा कधी कुठल्या स्टुडिओच्या दारात गेला नाही. वस्तीपलीकडच्या वीटभट्टीवर त्याला काम मिळालं. दोन बोटं कामातून गेलेली असली, तरी विटा उचलता येत. चित्रपट त्या भागात बरेच महिने फिरत राहिला, आणि बाजारात, चर्चच्या पायरीवर, भट्टीच्या फाटकाशी लोक त्याला थांबवू लागले. एकदा भाजीच्या गाडीशी एका म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि त्याचा दंड धरला.

"पोलिसाला मारणारा तो तूच ना रे मिहो, लेकरा?"

"हो, आजी. मीच."

"अगबाई! पण मग तू तर मेलास ना? मी रडले तुझ्यासाठी."

"मारणारा मी," तेयो म्हणाला. "मेला तो दुसरा."